गाडीतला गोड वास आणि आप्पांचं नाक

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला येणार नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. नव्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधून आलेल्या पोरांना मी भर वर्गात उभं करून झापलेलं आहे. लोक इथे भुताखेतांचे अनुभव लिहितात ते आजवर वाचले ते निव्वळ करमणूक म्हणून, आणि दरवेळी मनात म्हटलं — यांनी नीट शोधलं नसणार. आता मी स्वतः पाच महिने नीट शोधून बसलेय. हाती काही लागलेलं नाही, डोकं मात्र पार फिरलंय... म्हणून लिहितेय.

आर. के. नगरात आमचं घर आहे. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील, आप्पा. वय चौऱ्याहत्तर. गाडी त्यांची. वीस वर्षांची पांढरी पेट्रोल गाडी, रिटायर झाल्यावर सेकंडहँड घेतलेली, अजून हँडल फिरवून काच खाली करावी लागते ती.

आप्पांची नोकरी काय होती हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वारणानगरच्या अलीकडे एका गावात दूध संकलन केंद्र होतं. तिथे ते दुधाचा वास घ्यायचे. हसू नका, ती खरोखरची नोकरी होती. पहाटे गावोगावचे कॅन यायचे. आप्पा एकेक झाकण उघडायचे, झाकण नाकाशी न्यायचे आणि सांगायचे, हे घ्या, हे परत. आंबायला लागलेलं, धुराचा वास लागलेलं, कडू पाला खाल्लेल्या म्हशीचं... सगळं त्यांना दोन सेकंदांत कळायचं. गावच्या पुढाऱ्याचा कॅन त्यांनी परत पाठवला तरी कुणी वाद घालत नसे. तीस वर्षं त्यांच्या नाकाचा शब्द हा शेवटचा शब्द होता.

आई गेल्यापासून त्यांचा आठवडा म्हणजे एक गुरुवार. गुरुवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, गाडी काढायची, हायवेनं वाठारपर्यंत जायचं, तिथून आत वळायचं आणि त्या केंद्राजवळच्या हॉटेलात जुन्या तिघा दोस्तांबरोबर चहा प्यायचा. बाकी सहा दिवस ते गुरुवारची वाट बघायचे.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या अशाच एका गुरुवारी ते घरी आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "गाडीत वास मारतोय."

"कसला?"

"गोड. गुळाचा न्हवं... गरम गोड. औषधासारखा."

मी जाऊन गाडीत बसले. जुन्या सीटचा आणि थोडा धुळीचा वास होता, बाकी काही नाही. तरी दुसऱ्या दिवशी उद्यमनगरला दस्तगीर मिस्त्रींकडे गाडी नेली. आमची गाडी पहिल्यापासून तेच बघतात. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"गोड वास म्हंजे कूलंट, ताई. दुसरं काय न्हाय. कुठंतरी गळतंय."

कूलंट म्हणजे इंजिन तापू नये म्हणून रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवं द्रव. त्यातलं गोडसर ग्लायकॉल मी दरवर्षी फळ्यावर काढते, त्यामुळे मला ते लगेच पटलं. रेडिएटरचं झाकण बदललं. पाण्याचे रबरी होज बदलले. पंप तपासला. प्रेशर टेस्ट केली, तिचा काटा जागचा हलला नाही. बॉनेटखालच्या बाटलीत हिरवं द्रव खुणेपर्यंत होतं, आणि दर आठवड्याला तितकंच राहिलं. म्हणजे एक थेंबही गळत नव्हता. आप्पांना मात्र वास येतच होता.

मला नव्हता येत. दस्तगीरनाही नव्हता येत.

दोन महिन्यांनी माझा संयम संपला. मी आप्पांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात नसलेला वास यायला लागला तर मेंदूची तपासणी केलेली बरी. केली. रिपोर्ट वयाच्या मानाने चांगला आला. तरी काही महिने गाडी नको, लक्ष ठेवा, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन मी किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

"आप्पा, वास नाहीये. तुम्हाला तो येतोय असं वाटतंय."

"तुला न्हाय आला म्हंजे न्हाय व्हय?"

"दस्तगीरनाही नाही आला."

"त्याच्या नाकात ग्रीस हाय."

"मला वाद नकोय. ज्याला नसलेला वास येतो, त्यानं गाडी चालवायची नाही. संपलं."

हे वाक्य मी क्लासमधल्या आवाजात बोलले, आणि ते अजून मला टोचतं. पुढच्या गुरुवारी आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला, अकरापर्यंत व्हरांड्यात बसले, मग आत जाऊन शर्ट बदलला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. रिक्षानं जा, मी सोडते, दोस्तांनाच इकडे बोलवा, सगळं सांगून बघितलं. ते फक्त 'असू दे' म्हणायचे. मला इतका राग यायचा. त्यांचा, डॉक्टरांचा, आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही, पण ते कबूल कोण करणार.

गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरेल, म्हणून मी ती क्लासला न्यायला लागले. संक्रांतीनंतरचा आठवडा. दुपारचे साडेबारा, राजारामपुरीच्या मेन रोडवर ट्रॅफिक तुंबलेलं, पुढे केएमटीची बस, दोन्ही बाजूंना मोपेडवाल्या पोरी... आणि मला वास आला.

गोड. गुळाचा नव्हे. गरम गोड.

त्यांचे शब्द जसेच्या तसे डोक्यात आले आणि मी स्वतःवरच चिडले. म्हटलं, ऐकून ऐकून मनात बसलंय. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. कोरडं ठणठणीत. बाटलीत हिरवं, खुणेपर्यंत. आत येऊन दार लावलं तर वास तसाच, घशात चिकटणारा. दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला. मग रोजच यायला लागला.

आता मी कामाला लागले. एक वही केली. एसी चालू-बंद, काचा वर-खाली, इंजिन गार-गरम, सगळं लिहून ठेवलं. कशाशीच मेळ बसेना. मग कूलंटची नवी बाटली आणली. गार असताना त्याला जवळजवळ वास नसतो, म्हणून तोंडाला ओढणी बांधून मागच्या अंगणात जुन्या वाटीत थोडं तापवलं. बरोबर तोच वास.

आप्पा पुढच्या खोलीत टीव्ही बघत होते. तिथूनच म्हणाले, "काय जाळतीस गं? त्योच वास हाय की ह्यो."

म्हणजे त्यांचं नाक शाबूत होतं, आणि त्यांचा वास आणि माझा वास एकच होता. तेव्हाच मी त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "काही नाही, क्लासचं प्रॅक्टिकल आहे." आधी कारण शोधायचं आणि मग त्यांच्यापुढे जायचं, असं मी ठरवलं होतं. आता वाटतं, गप्प राहण्याचं खरं कारण ते नव्हतं. मला लाज वाटत होती.

पुन्हा दस्तगीर. आता एकच जागा राहिली होती, हीटरची. डॅशबोर्डच्या आत हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो, तो गळला तर वास थेट गाडीत येतो. पण त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दस्तगीर नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. दोन दिवस गाडीचं पोट उघडं पडलं होतं. तिसऱ्या दिवशी फोन आला, येऊन बघा म्हणून.

गेले. त्यांनी इंजिनाच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप कुणीतरी फार पूर्वीच कापून एकमेकांना जोडून टाकले होते.

"कोल्हापुरात हीटर कोण लावतंय, ताई? जुन्या गाड्यांचं असंच करत्यात. हितं आत कायच येत न्हाय."

"मग रेडिएटर पूर्ण रिकामा करा. सगळं बघू."

त्यांनी खालचा बोल्ट काढला. ट्रेमध्ये पाणी पडलं. तांबूस, गंजकं... आणि साधं पाणी. हिरवा रंग नावालाही नव्हता.

मी विचारलं, "कूलंट कुठंय?"

दस्तगीरनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली. मग म्हणाले, "ह्यात कूलंट न्हवतंच की. आप्पांनीच सांगितलेलं. रंगीत पाण्याचं ढोंग नको, नळाचं पाणी घाल म्हणून. आमच्याकडं निम्म्या जुन्या गाड्या पाण्यावरच पळत्यात."

"आणि बाटलीत ते हिरवं?"

"ते मी घालतोय घोटभर. हिरवं दिसलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतंय."

"मग इतके महिने तुम्ही काय शोधत होता?"

"तुमी वास गोड म्हणलासा, म्हणून कूलंट म्हणलो. शेकडो गाड्या येत्यात ताई, कुठल्या गाडीत काय घातलंय ते ध्यानात ऱ्हातंय व्हय?"

मी तिथे त्यांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या गॅरेजमधली माणसं काम थांबवून बघत होती. मग मी ती बाटली काढायला लावली, साबणाने धुवायला लावली. रेडिएटर तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुतला. गाडीतलं कार्पेट काढून उन्हात टाकलं, सीटा काढून साबणाने धुऊन परत बसवल्या, एसीच्या आत हात घालून फडक्याने पुसलं. आता त्या गाडीत औषधालाही कूलंट उरलं नव्हतं. दस्तगीर स्वतः आत बसले, काचा वर करून लांब श्वास घेतला.

"न्हाय येत, ताई."

मी त्यांच्या शेजारीच बसले होते, आणि मला तो आधीपेक्षा जास्त येत होता.

शेवटचा प्रयोग म्हणून गाडी तशीच ओढून घरी आणून बॅटरीची वायर काढून ठेवली. तीन दिवस इंजिन चालू नाही. चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता, चांगलीच थंडी असताना, दार उघडलं. गार पडलेल्या, पाणीसुद्धा न भरलेल्या गाडीतून गरम गोड वासाचा भपका आला. मी अंगणात मटकन खाली बसले आणि रडले. भीतीने नाही, वैतागाने. इतकं करूनही उत्तर नाही म्हणजे काय?

मग आत गेले. आप्पांच्या समोर उभी राहिले आणि सांगितलं, "आप्पा, मला वास येतोय. संक्रांतीपासून येतोय. तुम्ही बरोबर होता. माझं चुकलं."

मला वाटलं ते चिडतील, निदान एखादा टोमणा तरी मारतील. ते उठले, चप्पल घातली आणि गाडीकडे चालत गेले. पुढच्या सीटवर बसले, दार लावून घेतलं. मी दुसऱ्या बाजूने बसले. कॅनचं झाकण नाकाशी नेताना करायचे तसे त्यांनी डोळे अर्धे मिटले. वास इतका होता की मी ओढणी नाकाला लावली.

"न्हाय," ते म्हणाले.

"काय नाही?"

"वास न्हाय. सीटचा हाय, साबणाचा हाय. त्यो न्हाय."

"आप्पा, चेष्टा नको."

"चेष्टा कशाला करू? गेलाय."

त्यांनी परत एकदा घेतला, अगदी मन लावून. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जिंकल्याचं काही नव्हतं, काळजी होती. विचार केला तर किल्ली घेतल्यापासून ते गाडीत बसलेच नव्हते. त्यांचा वास नेमका कधी गेला हे आम्हाला दोघांनाही सांगता येत नाही. माझा कधी आला ते मात्र वहीत लिहिलेलं आहे.

"आता डॉक्टरकडं तुला न्यायला पायजे," ते म्हणाले आणि हात पुढे केला. "आण किल्ली. नसलेला वास येतोय त्यानं गाडी चालवायची न्हाय, असं कोण म्हणलेलं?"

मी किल्ली दिली.

डॉक्टरांकडे मीही जाऊन आले. आप्पांचे झाले त्याच सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. गाडी दस्तगीरनी परत जोडून दिली, डॅशबोर्ड आता खड्ड्यात खडखडतो. रेडिएटरमध्ये साधं पाणीच आहे, बाटलीतही. ज्या कूलंटचा वास येतो ते त्या गाडीत बहुधा कधी पुरतं नव्हतंच. एका माणसाच्या नाकातून गेलेला वास दुसऱ्याच्या नाकात कसा येतो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. केमिस्ट्रीत तर नाहीच. इथे कुणाकडे असेल तर कळवा, फक्त उतारा-बितारा सांगू नका, मी तिथल्या तिथे उत्तर देईन.

गाडी जोडून आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी बरोबर गेले. लक्ष ठेवायला, असं मी म्हटलं. गाडी त्यांनी छान चालवली. हायवेला लागल्यावर वास वाढला. मी तोंड बंद काचेकडे वळवलं.

"येतोय?" त्यांनी विचारलं.

"हो."

मला वाटलं आता विचारतील — कुठून, कसा, नक्की का. त्यांनी काही विचारलं नाही. गाडी कडेला घेतली, थांबवली, माझ्यापुढून हात घालून माझ्या बाजूचं हँडल फिरवलं आणि काच पार खालपर्यंत उतरवली. मग गियर टाकला. इतक्या महिन्यांत त्यांच्यासाठी एवढं मी एकदाही केलं नव्हतं.