दवाखान्यासाठी केलेली अटक

त्या सकाळी ठाण्यात जे घडलं ते आठवलं की अजूनही मला चीड येते.

माझे यजमान शहाद्याच्या ठाण्यात शिपाई होते. ते गेल्यावर साहेबांनी मला तिथेच कामाला ठेवलं. बाईमाणूस आरोपी आली की तिची झडती घ्यायची, कोठडीत तिच्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. माझी मराठी चौथी झालेली, त्यामुळे सामानाची यादी मीच लिहीत असे. बोलत मात्र कमी असे. फौजदारसाहेबांसमोर दाराआडूनच ‘हो’ किंवा ‘नाही’.

त्या सकाळी बाजारातल्या एका दुकानदाराने खबर आणली. गोमाई नदीकाठच्या धर्मशाळेत दोन हिजडे उतरले आहेत, त्यांनी कोणाची तरी पोर खोलीत कोंडली आहे, आतून रडणं ऐकू येतं. जमादार दोन शिपायांना घेऊन गेले आणि तासाभरात दोघींना घेऊन आले. एक पन्नाशीची, तिला सगळे गुरू म्हणत. दुसरी विशीची, शिपायांनी तिला बैलगाडीत घालून आणलं होतं. तिसरं कोणी सापडलं नव्हतं.

जमादारांनी गुरूला उभं केलं.

“पोर कुठे लपवली?”

“हाई काय, गाडीमा शे. मन्ही पोर.”

“तुला कुठून झाली गं पोर?” एक शिपाई म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

गुरू त्याच्याकडे बघून म्हणाली, “तुन्ही माय तुले सोडी दी ना भाऊ, तर तुले बी मीच वाढावसू.”

त्यावर जमादारही हसले, पण लगेच आवाज चढवून म्हणाले, “मग कडी बाहेरून का लावली होतीस?”

“लोक खिडकीमाइन दगड मारतस. कडी नही लावू तर काय करू?”

आता प्रश्न आला झडतीचा. पुरुष शिपायांनी घ्यायची की मी? ते एकमेकांना कोपरं मारत राहिले. शेवटी जमादार म्हणाले, “वहिनी, तुम्ही बघा.” मी धाकटीला आतल्या खोलीत नेलं. अंग तव्यासारखं तापलेलं. लुगडं जरा सरकवलं तर मांडीवर मोठं गळू, वरून राख आणि कसलासा काळा लेप. वास सहन होईना. खोलीतून ऐकू येणारं रडणं हिचंच होतं. कोंडलेली पोर वगैरे काही नव्हतं.

“दवाखान्यात का गेला नाहीत?” दाराशी आलेल्या गुरूला मी विचारलं.

“दोनदा गयूत, बाई. बाप्यास्ना ओळमा हुभ्या ऱ्हायनूत, तर म्हने, बायास्कडे जा. बायास्कडे गयूत, तर दाई वरडनी. हाई काय दुखनं शे, काय लावानं, कोनीच सांगं नही. मंग राख लाई दिधी.”

मी जमादारांना सांगितलं. त्यांनी एका शिपायाबरोबर गाडी दवाखान्यात पाठवली. गाडी तशीच परत आली. शिपाई म्हणाला, “कंपाउंडर म्हणतो, पुरुषांच्या खोलीत ठेवलं तर पुरुष उठून जातील, बायकांच्या खोलीत ठेवलं तर बायका. डॉक्टर तर खुर्चीवरून उठलेच नाहीत.”

फौजदारसाहेबांनी वही मिटली. “पोर पळवलेली नाही. गुन्हा नाही. सोडून द्या.”

म्हणजे पुन्हा ती धर्मशाळा, ती कडी आणि ती राख. धाकटीने दोन दिवसही काढले नसते. मला आठवलं, मागच्या महिन्यात हातभट्टीवाल्या आरोपीचं पोट दुखलं, तेव्हा आमच्या ठाण्याची चिठ्ठी घेऊन शिपाई गेला आणि डॉक्टर धावत आले. कोठडीतला माणूस मेला तर जाब द्यावा लागतो.

मी दाराबाहेर आले.

“साहेब, तिला अटक करा.”

“काय?”

“कशासाठीही करा. अटक केली तर डॉक्टरांना तपासावंच लागेल.”

साहेबांनी मिटलेली वही पुन्हा उघडली. मग जमादारांना म्हणाले, “लिहा. भर रस्त्यात आरडाओरडा करून लोकांना उपद्रव.” ज्या पोरीला उभंही राहता येत नव्हतं तिच्यावर हा गुन्हा! पण चिठ्ठी गेली आणि डॉक्टर उठले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात खाट टाकली, शेजारी पहाऱ्याला शिपाई. डॉक्टर पेशंटशी एक शब्द बोलले नाहीत. “हिला ताप कधीपासून?” हे ते जमादारांना विचारत. ती समोर शुद्धीत होती! गळू कापलं, पण पट्टी बदलायला कोणी हात लावेना. कंपाउंडर चार हात लांब उभा राहून मला सांगे, “पाणी उकळून घ्या, आतून बाहेर पुसा.” मी ते गुरूला शिकवलं. एवढंच तिला आधी सांगितलं असतं, तर राखेची वेळ आली नसती.

आठ-दहा दिवसांत धाकटी चालू लागली. कोर्टाने समज देऊन सोडलं. पण ठाण्याच्या वहीत आरोपी म्हणून तिचं नाव राहिलं ते राहिलंच. ते लिहायला मीच सांगितलं, हे मला कधी विसरता आलं नाही.

पुढे साहेबांची बदली झाली. नवीन साहेब आले. एक दिवस गुरू एकटीच ठाण्यात आली, छातीवर हात धरून. माझ्यापुढे तिने दोन्ही मनगटं जोडली.

“बाई, आते मले पकडा. दम लागस.”

नवीन साहेबांनी विचारलं, “गुन्हा काय केलास?”

“तुम्हीच सांगा ना साहेब. कोन्ता करू?”

साहेब चिडले आणि तिला बाहेर काढायला सांगितलं. मी फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेले. पुढे ती कुठे गेली ते कळलं नाही.

नोकरीत मी अटक चुकवणारी माणसं पुष्कळ पाहिली. कोणी पळालं, कोणी पाया पडलं, एकीने तर अंगावर रॉकेल ओतून घेण्याची धमकी दिली. पकडा म्हणून स्वतः हात पुढे करणारं माणूस मी एकच पाहिलं. आणि तिलाच आम्ही परत पाठवलं.