आतोबांचं कोनफळ

आमच्या आतोबांनी जगातल्या माणसांचे दोनच वर्ग केले होते. रताळं आणि कोनफळ यांतला फरक कळणारे, आणि उरलेले सगळे. पहिल्या वर्गात ते स्वतः होते. तिथे जोडीला दुसरं कोणी मिळतं का, याचा शोध त्यांनी लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत चालवला होता, आणि एवढ्या टापूत एकही लायक माणूस निघू नये याचं त्यांना फार दुःख होतं. ते दुःख सांगताना त्यांचा चेहरा मात्र चांगलाच खुललेला असे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची काही वर्षं मी लोणावळ्याला शाळामास्तर होतो आणि त्यांच्याच घरी राहत होतो, त्यामुळे या विषयातलं माझं शिक्षण पूर्ण झालं. शाळेत मी मुलांना काय शिकवलं ते आता आठवत नाही. पण रताळ्याचा वेल जमिनीवर लोळतो आणि कोनफळाचा मांडवावर चढतो, आणि म्हणून एक लोचट आणि दुसरं बाणेदार, हे मी आजही झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

रताळ्याबद्दल त्यांचं मत वाईट होतं असं नाही. फार वाईट होतं. "उकडलं तरी गोड, भाजलं तरी गोड, किसलं तरी गोड. ज्याला दुसरं काही येतच नाही त्याचं कौतुक कसलं?" असं ते विचारत, आणि उत्तर द्यायला कोणी थांबत नसे. कोनफळाची गोष्ट वेगळी. मातीचं ढेकूळ वाटावं असं रूप, सोलताना हाताला खाज, चिरताना ते बुळबुळीत होऊन विळीवरून निसटणार. पण पांढऱ्या कोनफळाच्या चकत्या एकदा तुपावर परतून, वेलदोडा घातलेल्या गुळाच्या पाकात पडल्या की आतोबांचे डोळे आपोआप मिटत. "गूळ घालावा तो कोनफळात. रताळ्यात गूळ म्हणजे सावकाराच्या लग्नात आहेर!" ते म्हणत. हाताला येणारी खाज अर्थात आत्याच्या वाट्याची होती. ती बिचारी आधी हाताला तेल चोळून, मग चिंच चोळून, शेवटी देवाचं नाव घेऊन सोलायला बसे. आतोबांनी जन्मात कोनफळ सोललं नव्हतं. त्यांचं प्रेम शिजल्यानंतरचं होतं.

रेल्वेच्या पार्सल कचेरीत ते नोकरीला होते, आणि तिथेही हे ज्ञान सांडत असे. एकदा एका व्यापाऱ्याने कोनफळांच्या पोत्यावर 'रताळी' असं लिहून आणलं. आतोबांनी ते पोतं अडवून ठेवलं. भाडं तेच, वजन तेच, पोहोचायचं ठिकाण तेच, पण नाव खोटं! व्यापाऱ्याने शेवटी हात जोडले आणि पोत्यावर नवं नाव रंगवलं, तेव्हा कुठे ते पोतं घाट उतरलं. बाजारच्या दिवशी तर मी त्यांच्याबरोबर जायचं टाळत असे. टाकव्याहून येणारी एक म्हातारी पाटीत रताळी आणि कोनफळं शेजारी शेजारी मांडून बसे. आतोबांनी कोनफळ उचललं, की ती मोठ्या मायेने म्हणे, "घ्या आबा, कालच काढल्यात. लय ग्वाड हायती."

"कोनफळ गोड असतं?" आतोबा कडाडत. "गोड रताळं असतं!"

"मंग काय कडू हाय म्हनू व्हय? रताळं म्हना न्हाईतर कोनफळ म्हना, शिजल्यावर प्वॉट भरतं न्हवं?"

अशा दिवशी आतोबा रिकामी पिशवी घेऊन घरी येत आणि आम्हाला रात्री पिठलं मिळे.

खरं रण पेटे ते एकादशीला. आत्या आमच्या घरची, तळेगावची. आमच्याकडे उपासाला रताळं चालतं, कोनफळ चालत नाही. का, ते कोणालाच ठाऊक नाही. उपासाचे कायदे विचारून झालेले नसतात. आतोबांकडे कोनफळ चालायचं. लग्न झाल्यापासून दर एकादशीला दोघांनी हा खटला नव्याने लढवला आणि तडजोड म्हणून दोन पातेली ठेवली: चुलीच्या उजव्या हाताला आत्याचं रताळं, डाव्या हाताला आतोबांचं कोनफळ. दोन्हींत तूप तेच, गूळ तोच, वेलदोडा तोच. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसायचं. "वास घेतला तरी सांगेन," असं आतोबा म्हणत, आणि आत्या म्हणे, "सांगा हो. एवढ्याचसाठी जन्म आहे तुमचा."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात त्यांची एकुलती एक मुलगी होती, कुसुम, आणि तिचं लग्न जमत नव्हतं. मुलगी दिसायला चांगली, कामाला त्याहून चांगली. खोट एकच, तिचे वडील पाहुण्यांशी बोलत. पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या वडिलांनी कोनफळाला "एवढं मोठं रताळं!" म्हटलं. आतोबांनी त्यांना तासभर समजावलं. पुन्हा त्या घरातून निरोप आला नाही. दुसऱ्या स्थळाच्या मामांनी तर "आम्हाला सगळे कंद सारखेच" असं म्हटलं. आतोबांनी त्यांना काय उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही. त्यानंतर वर्षभर कोणी फिरकलं नाही. आत्याची झोप उडाली होती.

तिसरं स्थळ आलं ते तळेगावचं, मार्गशीर्षातल्या एकादशीला. मुलगा मोठा सालस, पण घर चालायचं आईच्या शब्दावर. यजमान गेल्यापासून बाईंनी एक एकादशी मोडली नव्हती, आणि मध्यस्थाबरोबर त्यांनी आधीच कळवलं होतं: आमच्याकडे उपासाला रताळं चालतं, कोनफळ नाही. हे ऐकून आत्याने आतोबांना समोर बसवलं. "अहो, आज तोंडातून कंद हा शब्दसुद्धा काढायचा नाही. पोरीचा जन्म आहे हा. तुमचं कोनफळ मी केलंय, मागाहून खा, पण आज फक्त वाढायचं आणि हसायचं." आतोबांनी मुकाट्याने मान हलवली. लेकीवर जीव होता माणसाचा.

पाहुणे माजघरात बसले, म्हणून आतोबा स्वयंपाकघरात गेले ते मागच्या दाराने. तीस वर्षं पुढच्या दाराने येऊन उजवं-डावं पाठ झालेला माणूस! मागून आल्यावर डावं ते उजवं झालं, आणि वासावरून कंद ओळखणारे आमचे आतोबा हसतमुखाने कोनफळाचं पातेलं उचलून निघाले. बाईंच्या ताटात त्यांनी चांगल्या चार चकत्या वाढल्या. बाईंनी एक तोंडात टाकली. तेवढ्यात दारात आत्या आली आणि पातेलं पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या चेहऱ्यावरून आतोबांनी पातेल्याकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी डाव हळूच पातेल्यात परत ठेवला.

बाई सावकाश चावत होत्या. मग त्यांनी मान वर केली. "रताळी छान झालीत हो. कुठली?"

कोनफळाला रताळं म्हटलं होतं! त्यांच्या घरात, त्यांच्या तोंडावर! आतोबांच्या कपाळावरची शीर फुगली. एकदा त्यांनी आत्याकडे पाहिलं, एकदा कुसुमकडे पाहिलं आणि म्हणाले, "टाकव्याची."

"वाढा आणखी दोन."

आतोबांनी वाढल्या. लग्न तिथल्या तिथे ठरलं.

पुढच्या एकादशीला आत्याने नेहमीप्रमाणे कोनफळ केलं तर आतोबांनी वाटी बाजूला सारली. "मी सोडलं." काशीला जाऊन माणसं आवडती वस्तू सोडतात, हे लोणावळ्यात बसून सोडून मोकळे झाले. लेक सवाष्ण व्हावी म्हणून एका विधवेला उपास मोडायला लावला, याची भरपाई म्हणे. बाहेर विचारलं तर "पोटाला बाधतं" म्हणत. मग घरात एकच पातेलं चढू लागलं, रताळ्याचं, आणि आतोबा दर घासाला तोंड वाकडं करून ते खात. आत्या जिंकली होती. पण एकदा ती मला म्हणाली, "मेलं एकादशीला भांडायलाच काही उरलं नाही रे. बाजारात कोनफळ दिसलं की हाताला उगीच खाज सुटते."

लढाईच्या दिवसांत आत्या गेली. तोवर माझी बदली झाली होती. पुढे एकदा मी आतोबांना भेटायला गेलो तर कुसुम माहेरी आलेली, बरोबर तिच्या सासूबाई. दिवस एकादशीचा. गुळाची टंचाई होती, तरी कुसुमने कुठूनसा खडा मिळवून रताळ्याच्या चकत्या केल्या होत्या. बाईंनी एक खाल्ली आणि सहज म्हणाल्या, "गोड झालंय. पण व्याही, त्या दिवशीचं कोनफळ काही पुन्हा खायला मिळालं नाही."

आतोबांचा घास हातातच राहिला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच घासाला. रताळ्याला दाताखाली शीर लागते. कोनफळ कसं पिठूळ असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"विहीणबाई दारात उभ्या होत्या ना. त्यांचा चेहरा पाहिला. म्हटलं, एक एकादशी मोडली तर पांडुरंग समजून घेईल. ही बाई मात्र आयुष्यभर स्वतःला बोल लावत बसेल. म्हणून तर आणखी दोन मागून घेतल्या."

मला वाटलं, आतोबा रडतील. निदान इतकी वर्षं फुकट सोडलेल्या कोनफळाबद्दल हळहळतील. पण ते ताठ बसले आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा एकदम उजळला. "शीर!" ते ओरडले. "बरोबर! शीर!" त्यांच्या त्या पहिल्या वर्गात एवढ्या वर्षांनी दुसरं माणूस आलं होतं. ते तसेच स्वयंपाकघराकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "अगं, ऐकलंस का? यांना फरक कळतो..."

आतून पदराला हात पुसत कुसुम बाहेर आली. "काय हो बाबा?"

आतोबा तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ताट किंचित पुढे सरकवलं.

"काही नाही. रताळं वाढ."