उजव्या बाजूची नळी

नळीमामांचा स्वतःच्या कानांवर विश्वास नव्हता. गाडी दुकानासमोर उभी राहिली की ते तिच्या मागे उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायचे. धुराचे ठोके हातावर मोजून झाले की वैद्याने नाडी बघितल्यासारखं तोंड करून सांगायचे, "तिसऱ्या सिलेंडरला दम न्हाई. सायलेन्सर चांगला हाय, इंजिनकडं बघा." आणि आलेलं गिऱ्हाईक समोरच्या मेकॅनिककडे लावून द्यायचे. मेकॅनिकशी त्यांचं बोलणं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मिरजगावात हायवेला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. उसाचे ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकली, ज्याला म्हणून धुराची नळी आहे ते सगळं तिथे यायचं. एकदा गावातल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या बुलेट घेऊन आला. सायलेन्सर पोकळ करून द्या, फटाके फुटल्यासारखा आवाज पाहिजे, म्हणाला. मामांनी हातोडी खाली ठेवली. "तुज्या आवाजानं कुनाचं तान्हं पोर उठलं तर निजवायला तू जानार हाईस व्हय?" पुतण्याने काकांचं नाव सांगितलं. मामा म्हणाले, "त्यास्नी घिऊन ये. त्यास्नी बी हेच इचारतो." काका काही आले नाहीत, पण त्यांच्या घरचे दोन ट्रॅक्टर मामांकडे यायचे बंद झाले. मामांना त्याचं काहीच वाटलं नाही. मला मात्र तेव्हा हा माणूस उगाच आडमुठा वाटला होता.

मी सुप्याला कंपनीत टूलरूममध्ये आहे. ड्रॉइंगमध्ये असेल तसाच भाग बनवायचा, केसभर इकडे नाही की तिकडे नाही, हेच आयुष्यभर केलं. त्यामुळे जुन्या विलायती रेसच्या गाडीची प्रतिकृती करायचं वेड डोक्यात शिरलं तेव्हा ती फोटोतल्यासारखी हुबेहूब व्हायला हवी, हेही ठरूनच गेलं. लांब नाक, दोनच सीटा, डोक्यावर छप्पर नाही आणि डाव्या दाराखालून मागेपर्यंत गेलेली उघडी, चकचकीत नळी. इंजिन जुन्या टॅक्सीचं, पत्रा माझ्या हाताने ठोकलेला. सुट्टीच्या दिवशी गावी यायचं आणि मळ्यातल्या शेडमध्ये घुसायचं, अशी चार वर्षं काढली. पुण्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, त्यात प्रतिकृतींचा वेगळा विभाग असतो. तिथे आपली गाडी उभी राहावी, एवढं एकच मागणं होतं. कंपनीत आणि गावात मला हसलेल्या प्रत्येकाला ते माझं उत्तर होतं. नळी तेवढी राहिली होती, आणि तशी नळी वाकवणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता.

मामांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मला वाटलं, आता नळीची जाडी विचारतील. त्यांनी विचारलं, "ह्या डाव्या बाजूनं कोन बसनार?"

"कोण म्हणजे? माझी बायको बसेल, आई बसेल."

"मग नळी उजवीकडं."

मी समजावून सांगितलं. ही गाडी परदेशातली, तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, मूळ गाडीत नळी डावीकडे आहे म्हणून आपणही डावीकडेच घ्यायची. मामा म्हणाले, "म्हंजी तिकडं नळी डायवरच्या पायापाशी हाय. आपला डायवर उजवीकडं. मंग?" मग त्यांनी फोटोत गाडीशेजारी उभ्या असलेल्या बाईवर काळं बोट ठेवलं. "ही बाई पँटीत हाय. आपल्या बाया लुगड्यात, साडीत."

मी जाळी सुचवली. नळीवर भोकाभोकांचं पत्र्याचं आवरण बसवलं की चटका लागत नाही.

"फोटूत जाळी हाय?"

"नाही."

"मंग तू ती काडशील. आज न्हाई तर उद्या. म्या काडली हुती."

एवढं बोलून ते एका टेम्पोखाली शिरले. मी रागाने फोटो उचलला. सुप्याला दुसरा वेल्डर बघू असं ठरवून निघालो, तर दुकानामागच्या घरातून मामींनी चहाला हाक मारली.

मामींनी कप पुढे ठेवला आणि न विचारताच सांगायला लागल्या. लग्न होऊन महिना झाला होता. मामांकडे दोन्ही बाजूंना सायलेन्सर असलेली जुनी मोटारसायकल होती. नव्या नवरीला खर्ड्याला पाहुण्यांकडे न्यायचं म्हणून त्यांनी ती घासूनपुसून लख्ख केली, आणि नळ्या चमकलेल्या दिसाव्यात म्हणून वरच्या जाळ्या काढून टाकल्या. मामी एका बाजूला पाय सोडून बसल्या. "निम्म्या वाटंतच पायाला लागलं. पन नवी नवरी, थांबा म्हनायची लाज. खर्ड्यापतूर तशीच बसले. लुगडं कातड्याला चिकाटलं हुतं." त्यांनी काठ थोडा वर केला. पोटरीवर हाताच्या पंजाएवढा गुळगुळीत, पांढुरका डाग होता. "तवापासनं त्यांनी शोभेची नळी कंदी केली न्हाई," त्या म्हणाल्या.

खोटं कशाला सांगू? वाईट वाटलं, पण नळी डावीकडेच हवी हे मनातून गेलं नाही. फक्त दुसरा वेल्डर शोधायला माझे पाय निघेनात. पुढच्या सुट्टीला गाडी टेम्पोत घालून मामांच्या दारात नेली आणि फोटो खिशातच ठेवला. मामांनीही जिंकल्याचं तोंड केलं नाही. "सोड खाली," एवढंच म्हणाले.

इंजिनचा धूर डावीकडून निघत होता. तो खालून उजवीकडे न्यायचा, तर वाटेत स्टिअरिंगचा दांडा. मामांनी सीना नदीची वाळू आणली, चुलीवर कोरडी केली, नळीत ठासून भरली आणि नळी लालबुंद तापवून इंचाइंचाने वाकवली, म्हणजे वळणावर ती चेपत नाही. मन भरेना म्हणून तीन नळ्या भंगारात टाकल्या. क्रोम करू दिलं नाही. "उगाच कशाला नटवतोस? तापली की आपसूक निळी पडंल," म्हणाले. शेवटचं तोंड त्यांनी बोरूसारखं तिरपं कापलं. ती नळी बघून मला मनातल्या मनात कबूल करावं लागलं की फोटोतली हिच्यापुढे काहीच नाही. गाडी चालू केली तेव्हा त्यांनी मागे बसून तळहात धरला, आणि बराच वेळ धरून ठेवला.

"ठोका कसा आहे?" मी विचारलं.

"भरल्या पोटाचा," मामा म्हणाले.

पहिली चक्कर मामींची, हे मामांनीच ठरवलं. गाडीला रस्त्याचा परवाना नाही, म्हणून मळ्यातल्या वाटेने विहिरीपर्यंत. मामींनी दोन्ही हातांनी लुगडं घोट्यावर घट्ट आवळून धरलं, मगच डाव्या बाजूने आत पाय टाकला. परत आल्यावर मी तोऱ्यात उतरायला गेलो आणि उजवी पोटरी नळीला टेकली. चर्र झालं. मी ओरडलो, तसे मामा पोट धरून हसले. "ज्याला मिरवायचं त्यानंच चटका सोसायचा. आता झाली गाडी."

त्या श्रावणात एका सकाळी मामा दुकान उघडायला निघाले, पायरीवर टेकले ते पुन्हा उठले नाहीत. मी सुप्याहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांचा हातही हातात घेता आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

हिवाळ्यात मी गाडी पुण्याला नेली. परीक्षकांनी फोटोवरून एकेक गोष्ट पडताळली. नाक बरोबर, दिवे बरोबर, पत्रा तर उत्तम; स्टिअरिंग उजवीकडे, पण ते इथल्या रस्त्यांसाठी चालतं. मग ते उजवीकडे आले आणि थांबले. भले गृहस्थ होते. म्हणाले, "एवढी मेहनत घेतलीत आणि नळी चुकीच्या बाजूला? असं चालत नाही. डावीकडे घ्या, पुढच्या वर्षी तुमची गाडी पहिल्या रांगेत उभी करू." चार वर्षं मी हेच वाक्य ऐकायला धडपडलो होतो.

"नाही घेणार," मी म्हणालो.

"अहो, पण मूळ गाडीत..."

"मूळ गाडीत आमच्या मामी बसत नव्हत्या."

त्यांना ते काय कळणार! मी गाडी पुन्हा टेम्पोत चढवली आणि सरळ मिरजगाव गाठलं. दुकानासमोर टेम्पो थांबलेला बघून मामी बाहेर आल्या.

"काय म्हनली पुन्याची मानसं?"

"नळी चुकीच्या बाजूला आहे म्हणाले."

"मंग?"

"राहू दे म्हटलं."

मी गाडी खाली उतरवली आणि त्यांना बघता यावी म्हणून चालू केली. त्या मागे गेल्या, वाकल्या आणि नळीच्या तिरप्या तोंडाशी तळहात धरून उभ्या राहिल्या. मग वळसा घालून डाव्या बाजूला आल्या आणि आत पाय टाकला. लुगडं मोकळंच होतं, काठ दाराला घासत गेला, पण या वेळी त्यांनी तो सावरला नाही.

"चल," त्या म्हणाल्या.