मावशीला कारण सांगत नाहीत

आमच्या गाळ्यात बाईला नाव नसतं. लग्न व्हायचं असेल तर 'ए पोरी', झालेलं असेल तर 'ताई', आणि केस पिकायला लागले की 'मावशी'. पुरुषांचं तसं नाही हं. काल आलेला मशीनवालासुद्धा आडनावाने ओळखला जातो. मला हे इतकी वर्षं कधी खुपलं नव्हतं. मावशी म्हणजे मानाचंच की, असं वाटायचं.

मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा. प्लास्टिकची झाकणं बनतात तिथे. मशीनवर पुरुष, आणि लांब टेबलाशी आम्ही बायका. झाकणाच्या कडेला राहिलेलं जास्तीचं प्लास्टिक ब्लेडने छाटायचं, तपासायचं, खोक्यात भरायचं. नाहूरहून मी चालतच जाते. आमचे जुने इन्चार्ज काम सोडून कायमचे गावी गेले, तेव्हा शेठ मला म्हणाले, नवीन माणूस मिळेपर्यंत तुम्ही बघा. मी बघितलं. कुठला माल आधी काढायचा, मशीन बंद पडलं की कोणाला बोलवायचं, कोणाची सुट्टी, कोणाचं भांडण, सगळं. गणपती गेले, दिवाळी गेली, शिमगा गेला, माणूस काही आला नाही. मग मनात यायला लागलं, अगं, तो नवीन माणूस म्हणजे तूच असशील.

आणि एका सोमवारी तो आला. तिशीतला, व्यवस्थित भांग पाडलेला, स्वभावाने वाईट नव्हता बिचारा. शेठनी ओळख करून दिली, हे आपले नवे इन्चार्ज. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, ह्यांना आठवडाभर सगळं समजावून द्या. आणि जरा चहा टाका."

टाकला मी चहा. काय करणार? आलं मात्र जरा जास्तच ठेचलं गेलं.

त्या दिवसापासून डोक्यात एकच भुंगा. मला का नाही? बाई म्हणून? म्हातारी झाले म्हणून? शाळा अर्धी सुटली म्हणून? पण शाळा त्याचीही सुटलेली, त्यानेच हसत सांगितलं होतं. कोणावर आळ घ्यावा तर खात्री नाही, आणि गप्प बसावं तर घास उतरत नाही. घरी आमटीत दोनदा मीठ पडलं. आमचे हे मालवणकडचे. ताट बाजूला सारून म्हणाले, "गप रव गो, आपणाक काय करूचा आसा?" त्यांचंही चुकत नव्हतं. ह्या वयात दुसरं काम कोण देणार?

आणि भीती उगाच नव्हती. आमच्या टेबलावरची एक पोरगी पोटुशी असताना जड खोकी उचलायला नको म्हणाली होती. तिला कोणी रागावलं नाही. आता बाळाकडेच बघ, असं गोड बोलून घरी पाठवलं, ते परत बोलावलंच नाही. मलाही असंच गोड बोलून घरी बसवतील, असंच वाटायचं.

लेक वांद्र्याला एका ऑफिसात असते. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं. भांडायचं नाही म्हणाली, आरोप करायचा नाही, फक्त कारण विचारायचं. "आणि आई, 'मी काय म्हणते' असं म्हणून सुरुवात करू नकोस हां. तू तसं म्हणालीस ना, की समोरच्याला कळतं आता ऐकलं नाही तरी चालेल."

मग मी नारळ खवताना तेच घोकत बसायचे. शेठ, मला इन्चार्ज का केलं नाही? एवढंच वाक्य. पण केबिनच्या काचेपर्यंत गेलं की पाय मागे. कधी आत कोणीतरी बसलेलं, कधी ते फोनवर. एकदा तर काहीच नव्हतं, तर मीच आडवा पडलेला झाडू उचलायला वळले.

शेवटी एकदा त्यांनीच मान वर करून विचारलं, काय हो मावशी? आणि माझ्या तोंडून निघालं, "मी काय म्हणते..." आता लागली वाट. पण पुढचं वाक्यही निघालं, सबंध.

शेठ हसले. म्हणाले, तुम्ही तर घरच्या, मावशी तुम्ही, तुम्हाला कशाला ही डोकेदुखी?

"मावशी म्हणता म्हणूनच कारण सांगत नाही," मी म्हटलं. "कामाला ठेवलेल्या माणसाला तरी सांगाल की नाही?"

त्यांनी समोरची वही मिटली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, बायका ऐकतील हो तुमचं, पण मशीनवाले पुरुष ऐकतील का?

"विचारलंत त्यांना?"

नव्हतं विचारलं. विचारलं ते जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, आणि मी डबा उघडून मान खाली घालून बसलेली. एकजण म्हणाला, बाईमाणसाचं ऐकायचं म्हणजे... आणि वाक्य तिथेच सोडलं त्याने. दुसरा नुसता पोळी मोडत राहिला. सगळ्यात जुना मशीनवाला पाणी पिऊन म्हणाला, "मग आतापर्यंत कोणाचं ऐकत होतो रे आपण?" टेबलावरच्या बायका फिसकन हसल्या. मला हसू येईना. शेठ म्हणाले, पहिल्या तारखेला सांगतो.

पहिली तारीख येईपर्यंत मी रोज गाळ्यात शिरताना त्यांचा चेहरा वाचायचे. ते नुसते खोकले तरी वाटायचं, आता म्हणतील घरी बसा.

त्या सकाळी ते बाहेर आले, "मावशी" म्हणाले आणि थांबले. मग ओशाळून विचारलं, "तुमचं आडनाव काय हो?" इतक्या वर्षांत त्यांना ते ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं. लग्नात चारचौघांत नाव घेताना लाजले होते ना, अगदी तसंच झालं. मग सकाळची पाळी माझी आणि दुपारची त्या नव्या इन्चार्जची, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, माझ्या आडनावापुढे बाई लावून. अर्धंच मिळालं म्हणा. वाक्य अर्धं सोडणारा तो मशीनवाला भिंतीकडे बघत होता. उद्या हा ऐकेल का, हा नवा घोर तिथेच सुरू झाला.

दहा वाजले. दहाचा चहा नेहमी मी करायचे. पातेलं ओट्यावर पालथंच. कोणीतरी मशीनमागून ओरडलं, आज चहा नाही काय? सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले. उठायचं नाही, उठायचं नाही, असं मनात म्हणत होते, आणि पाय मेले टेबलाखाली आपोआप चपला शोधत होते.