लोखंड न लागलेला दगड

माझे अखबोरकाका पाथरवट होते. आमच्या डोंगरात त्यांच्याइतका तरबेज कोणी नव्हता आणि तेवढा गर्विष्ठही. त्या हिवाळ्याच्या पावसाने टेकडीवरची आमच्या देवाची, यहोवाची, वेदी ढासळली, तेव्हा ती पुन्हा रचायला तेच गेले. एक दगड डुगडुगत होता, म्हणून त्यांनी सवयीने छिन्नी लावली. दोनच टवके उडाले.

तेवढ्यात त्यांची थोरली बहीण, माझी मिल्काआत्या, ओरडली, "मेल्या, वेदीच्या दगडाला लोखंड लावलंस? बाटवलास तो! यहोवाच्या वेदीला न घडवलेलाच दगड लागतो!"

"अक्का, नीट बसत नव्हता गं."

"मग बसेल असा शोध. तुझी कारागिरी लोकांच्या घरांत दाखव. इथं नको!"

काका धुसफुसले, पण तो दगड त्यांनी फेकून दिला. तीन दिवस ते ओढ्यातले दगड उलथत हिंडले. चौथ्या दिवशी एक ओबडधोबड दगड आणून त्यांनी आत्यासमोर त्या खाचेत ठेवला. तो असा बसला, की दोन्ही हातांनी ढकलूनही हलेना.

काका वेदीपाशी बसले. कितीतरी वेळ ते त्या दगडावरून बोटं फिरवत राहिले.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "याच जागेसाठी घडवलाय गं हा. आणि छिन्नीचा एक घाव सापडत नाही."