शेरा: शोधू नये

उत्तरा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. माजिवड्याच्या आमच्या ऑफिसातून एका संस्थेची वेबसाइट चालते. रस्त्यावर सापडलेली, दवाखान्यात बेवारस म्हणून आणलेली माणसं तिथे नावाने शोधता येतात. शोध कुठल्या रकान्यात चालावा, हे ठरवून देणं उत्तराचं काम. नाव, वय, ठिकाण यांत शोध चालायचा. 'शेरा' नुसता दिसायचा. शोधयंत्राच्या व्याख्येत त्याच्यापुढे पहिल्यापासून लिहिलेलं, 'शोधू नये'.

टिटवाळ्याहून तिचे वडील नाहीसे झाले. कागदोपत्री गोविंदा. पण आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून काळाची दृष्ट लागू नये यासाठी आजीने हाक मारायला ठेवलं दगडू. म्हातारपणी बाकी सगळं विसरले, तेवढंच उरलं, असं उत्तराला वाटायचं.

पोलिसांत तक्रार झाली. उत्तराने साइटवर दोन्ही नावं टाकून पाहिली. काही नाही. फोटो फार थोड्यांचे असतात. मग तिच्या डोक्यात आलं, दगडू हे काय नाव झालं, असं म्हणून कोणी ते शेऱ्यात ढकललं असेल तर? तिने 'शेरा' शोधात घेतला. पण या मेल्या यंत्राचं असं, की नवी व्याख्या नव्या नोंदींनाच लागते. जुन्या पुन्हा भराव्या लागतात, आणि तोवर साइट बंद.

"आधी संस्थेचं ऑडिट होऊ दे, साइट बंद करायचं मग बघू," आमचे साहेब, नयन सर म्हणाले.

"अहो, तिचे बाबा आहेत!" मी अक्षरशः भांडले.

"इथे शोधणाऱ्या प्रत्येकाचं कोणीतरी असतंच."

असा संताप आला ना! उत्तरा मात्र रोज सकाळी पर्स खांद्यावर तशीच ठेवून आधी 'दगडू' टाइप करायची.

ऑडिट एकदाचं उरकलं. जुन्या नोंदी भरल्या. तिने टाइप केलं, आणि एक नोंद आली.

नाव: माहीत नाही. ठिकाण: माजिवडा नाका. शेरा: स्वतःला दगडू म्हणतात. मुलगी इथेच कामाला आहे, असं सांगतात.

तारीख ते नाहीसे झाले त्याच दिवसाची होती. तिने नोंदीतल्या दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "गेले हो ते. आठ-दहा दिवस झाले. कोणी आलंच नाही, मग बेवारस म्हणून उरकलं." तेव्हा आम्ही इथे ऑडिटवाल्यांना चहा देत होतो.

मला रडू आवरेना. उत्तराने नोंद उघडली, नावाच्या रकान्यात 'गोविंदा' लिहिलं, सेव्ह केलं.

"रसिका, बघ गं, आता नावाने सापडतात का."

मी टाइप केलं. सापडले.