वाटीतला बर्फ

अच्छाडच्या ढाब्यावर लाडकीताई कित्येक वर्षं कोंबडीचा खिमा रांधते आहे, आणि तितकीच वर्षं लाईट जाण्याला वैतागली आहे. म्हणून फ्रीजरमध्ये ती बर्फाच्या खड्यांची एक वाटी ठेवते. आज सकाळी खडे विरघळून, पुन्हा गोठून त्यांची एकच चकती झाली होती. म्हणजे रात्रीत खिमाही सुटला होता आणि परत थिजला होता. तिने थोडा सुटू दिला, बोटांत चोळला. बुळबुळीत लागला, वासही आंबूस.

"हा पण फेकायचा," ती थकून म्हणाली.

"फेकतेस काय? गिऱ्हाइकाला नको तर घरी पोरांसाठी ने," ढाब्याचा शेठ म्हणाला.

तिने खिम्याचं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"आधी तुमच्या पोरांना वाढा. उरला तर नेते."